क्षयरोगाचे अणुचित्र आणि तालुक्याचा दवाखाना

क्षयरोगाचे २०२५ पर्यंत देशातून उच्चाटन करावयाचे, असा संकल्प केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये जाहीर केला. जगाने त्यासाठी २०३० ची मुदत ठरविली होती. भारताने ती पाच वर्षे अलीकडे ओढली. प्रत्यक्षात काय घडले? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये भारतात दर लाख लोकसंख्येमागे २३७ जणांना नव्याने क्षय होत असे; २०२३ मध्ये हे प्रमाण १९५ वर आले. घट झाली हे खरे, आणि जगाच्या सरासरीपेक्षा ती अधिक आहे हेही खरे. तथापि जगातील दर चार क्षयरुग्णांमागे एक रुग्ण अद्यापि भारतीय आहे, आणि २०२५ साल उजाडले तेव्हा उच्चाटनाचे उद्दिष्ट दृष्टिपथातही आलेले नव्हते.

अशा वेळी नव्या साधनांकडे आशेने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. त्यांपैकी एक साधन अणुवैद्यकाचे. शरीरात अत्यल्प प्रमाणात किरणोत्सारी द्रव्य सोडावयाचे, त्यातून बाहेर पडणारे किरण कॅमेऱ्याने टिपावयाचे आणि रोगग्रस्त फुफ्फुसाचे चित्र मिळवावयाचे, अशी ही पद्धती आहे. कर्करोगाच्या तपासणीमुळे ‘पेट-सीटी’ हा शब्द आता तालुक्याच्या गावांतही परिचित झाला आहे. मग क्षयाच्या रुग्णाला ही तपासणी का मिळू नये, असा प्रश्न सुशिक्षितांच्या मनात येतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा विचार समोर ठेवून त्याचे उत्तर शोधणे उद्बोधक ठरेल. याचे कारण असे की, मोठे विज्ञान आणि साधा दवाखाना यांतील अंतर या परिसरात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

चित्र कशाचे?

भारतात अणुवैद्यक नवे नाही. तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये कार्यान्वित झाली आणि किरणोत्सारी समस्थानिके देशातच तयार करण्याचा मार्ग मोकळा झाला. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ स्थापन झाले. याच केंद्रात २००२ मध्ये देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट कॅमेरा सुरू झाला. म्हणजे महाराष्ट्रात या विद्येला साठ वर्षांहून अधिक परंपरा आहे.

फुफ्फुसाच्या क्षयात या विद्येचे मुख्यतः तीन उपयोग सांगितले जातात. पहिला जुना आहे. टेक्नेशियम या द्रव्याने चिन्हांकित केलेले प्रथिनांचे सूक्ष्म कण शिरेतून सोडले की ते फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात, आणि कोणत्या भागाला किती रक्त मिळते हे चित्रावरून कळते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाले असेल आणि ते काढून टाकण्याचा विचार असेल, तर उरलेले फुफ्फुस शरीराचा भार पेलू शकेल काय, हे शल्यविशारदाला आधी समजले पाहिजे. तेथे ही तपासणी खरोखरच मोलाची आहे. दुसरा उपयोग गॅलियम-६७ या समस्थानिकाचा. ते दाह झालेल्या जागी साठते; पण कोणत्या रोगाने दाह झाला हे सांगत नाही, म्हणून त्याचा वापर मागे पडत गेला.

तिसरा उपयोग पेट-सीटीचा, आणि आजची चर्चा मुख्यतः त्याच्याभोवती आहे. यात फ्लोरिन-१८ ची जोड दिलेली शर्करा रुग्णास टोचतात. ज्या पेशी अधिक शर्करा खातात त्या चित्रात उजळून दिसतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. परंतु जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही तशाच असतात. परिणामी क्षयाची गाठ आणि कर्करोगाची गाठ चित्रात सारखीच उजळते. भारतासारख्या क्षयबहुल देशात कर्करोगतज्ज्ञांना ही अडचण नित्याची आहे. येथे एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. पेट-सीटीच्या चित्रात क्षयाचा जंतू दिसत नाही. त्या जंतूमुळे शरीरात पेटलेला दाह दिसतो. निदानासाठी जंतूचा पुरावा हवा असतो, आणि तो थुंकीतच शोधावा लागतो.

अर्धायुष्याचा हिशेब

अर्थशास्त्रात वस्तूच्या नाशवंतपणाला मोठे महत्त्व आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणारा शेतकरी ते पुस्तकावाचून जाणतो. किरणोत्सारी द्रव्ये तर टोमॅटोहूनही नाशवंत. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे आहे. मुंबईत तयार झालेले हे द्रव्य पुण्यास पोहोचण्यास साडेतीन-पावणेचार तास लागले, तर निघालेल्यापैकी सुमारे एक चतुर्थांश उरते. पुढे चाकणची गर्दी ओलांडून मंचरला नेण्यात आणखी दोन तास गेले, तर एक अष्टमांशही उरावयाचे नाही. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे. परंतु ते ज्या मॉलिब्डेनममधून मिळते त्याचे ६६ तासांचे असल्याने आठवडाभर पुरेल असा साठा रुग्णालयात ठेवता येतो. तरीही गॅमा कॅमेरा, प्रशिक्षित तंत्रज्ञ, किरणोत्साराची सुरक्षाव्यवस्था आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना या साऱ्यांची गरज उरतेच.

तेव्हा द्रव्याने रुग्णाकडे जाण्याऐवजी रुग्णानेच द्रव्याकडे जावयाचे, हाच व्यवहार उरतो. मंचर पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटर, नारायणगाव ७५, जुन्नर नव्वदच्या वर. पण ही अंतरे हमरस्त्यावरची. आंबेगावच्या पश्चिमेला आहुपे, तळेघर येथून किंवा जुन्नरच्या डोंगरी भागातील वाड्यावस्त्यांवरून निघणाऱ्या महादेव कोळी, ठाकर अथवा कातकरी कुटुंबातील रुग्णाला मंचर गाठण्यातच निम्मा दिवस जातो. त्याच्यासोबत घरातील आणखी एक माणूस जातो. दोघांची मजुरी बुडते. भाताची लावणी किंवा हिरडा गोळा करण्याचे दिवस असतील तर त्या वर्षाच्या रोख उत्पन्नालाच खिंड पडते. रोगापायी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम खर्ची पडली, तर जागतिक आरोग्य संघटना त्यास ‘आपत्तिजनक खर्च’ म्हणते. आणि या हिशेबात औषधांच्या किमतीइतकीच बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्चही धरला जातो. सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधे मोफत मिळूनही कुटुंबे कर्जात का बुडतात, याचे उत्तर येथे आहे.

आता तपासणीच्या किमतीकडे पाहू. खासगी केंद्रात एका पेट-सीटी तपासणीस सामान्यतः दहा हजार रुपये किंवा त्याहून अधिक पडतात. ‘निक्षय पोषण योजने’खाली क्षयरुग्णाला आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. सहा महिन्यांच्या उपचारकाळात एकूण सहा हजार. म्हणजे एका चित्राच्या किमतीत दीड रुग्णांचा पूर्ण उपचारकाळातील आहार भागतो. शिवाय या तपासणीत शरीराला मिळणारी किरणमात्रा छातीच्या साध्या क्ष-किरण चित्राच्या शंभराहून अधिक पट असते, ही बाबही हिशेबात धरावयास हवी.

मद्रासचा धडा

साधनांच्या निवडीचा हा प्रश्न भारतापुढे प्रथमच आलेला नाही. पन्नाशीच्या दशकात क्षयावरील उपचार म्हणजे आरोग्यधाम, हे समीकरण होते. पाचगणी, मिरज येथील हवा ज्यांना परवडे ते तेथे जात. इतरांना घरीच खंगावे लागे. देशातील रुग्णसंख्येच्या मानाने खाटा नगण्य होत्या. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या संशोधन केंद्राने गरीब वस्तीतील रुग्णांचे दोन गट केले. एकाला आरोग्यधामात विश्रांती, सकस आहार आणि औषधे दिली. दुसऱ्याला तीच औषधे घरी, दाटीवाटीच्या खोलीत राहून घ्यावयास लावली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगाला चकित केले. दोन्ही गटांतील बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते आणि घरातील इतरांना अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पाया या निष्कर्षांनी घातला.

या धड्याचा एक चुकीचा अर्थही पुढे काढला गेला. आहाराचे महत्त्व नाही, औषधे दिली की पुरे, अशी समजूत रूढ झाली. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ती दुरुस्त केली. क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना धान्य-डाळीचा अतिरिक्त शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. आणि ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ६१ टक्क्यांनी कमी आढळले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मृत्यूचा धोका सांगणारे हे साधन वजनकाटा आहे, आणि तो प्रत्येक उपकेंद्रात असतो.

निदानाच्या बाबतीतही हेच दिसते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत जे क्षयरुग्ण आढळले, त्यांपैकी सुमारे ४३ टक्के केवळ छातीच्या क्ष-किरण चित्रामुळे हाती लागले. लक्षणे विचारून ते सापडले नसते. ज्यांना लक्षणे होती त्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेही गेलेले नव्हते. थुंकीतील जंतूची जनुकीय तपासणी करणारे ‘ट्रूनॅट’ हे गोव्यातील कंपनीने विकसित केलेले यंत्र बॅटरीवर चालते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्यास मान्यता दिली आहे. हातात धरून नेता येणारी क्ष-किरण यंत्रेही आता उपलब्ध आहेत. ज्या रुग्णाचा शोधच लागलेला नाही, त्याच्या फुफ्फुसातील दाहाचे सूक्ष्म मोजमाप कोण करणार?

‘बरा झाला’ म्हणजे काय?

मग अणुचित्रण ही श्रीमंतांची चैन म्हणून बाजूला सारावे काय? तसे करणे ही मोठी चूक ठरेल. या चित्रांनी क्षयाविषयी एक असे सत्य उघड केले आहे की जे साध्या साधनांनी कधीच दिसले नसते.

दक्षिण आफ्रिकेतील ९९ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांचे उपचार पूर्ण होऊन प्रचलित निकषांनुसार रोगमुक्त ठरलेल्या रुग्णांची पेट-सीटी तपासणी केली असता, अनेकांच्या फुफ्फुसात दाहाच्या जागा शिल्लक आढळल्या. काहींच्या बाबतीत त्या अधिक तीव्र झालेल्या किंवा नव्याने उद्भवलेल्या होत्या. यांपैकी बहुतेकांचा रोग उलटला नाही. औषधे संपतात तेव्हा जंतू पुरते संपतातच असे नाही, पुष्कळदा उरलेले काम शरीराची प्रतिकारशक्ती पार पाडते, असा याचा अर्थ लावला जातो. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिका व चीन येथे सुरू झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात पेट-सीटीच्या आधारे सौम्य रोगाचे रुग्ण निवडून त्यांचे उपचार चार महिन्यांवर आणता येतील काय, हे पाहण्यात आले. अल्पकालीन उपचारांच्या गटात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक दिसल्याने त्या गटातील भरती थांबवावी लागली. सर्वांत महागडे चित्रही औषधे केव्हा थांबवावीत हे खात्रीने सांगू शकत नाही, हा त्याचा बोध.

या ज्ञानाचा जुन्नर-आंबेगावशी संबंध काय? फार निकटचा आहे. थुंकी जंतुरहित झाली, सहा महिने संपले, की नोंदवहीत ‘बरा झाला’ असा शेरा पडतो. शासकीय दृष्टीने प्रकरण संपते. परंतु त्या माणसाला पुन्हा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलावयाचे असतात, ऊस तोडावयाचा असतो, डोंगर चढून रानात जावयाचे असते. त्याचे फुफ्फुस व्रणांनी आखडलेले असते. चार पावलांत दम लागतो. मुकादम त्याला अर्धी मजुरी देतो किंवा कामावरच घेत नाही. अपुऱ्या मजुरीतून अपुरे अन्न, अपुऱ्या अन्नातून घटलेली प्रतिकारशक्ती, आणि शरीरात जंतू शिल्लक असतील तर त्यांना मिळालेली संधी, असे हे चक्र आहे. रोगमुक्तीनंतरही दाह धुमसत राहू शकतो, हे अणुचित्राने दाखविले. त्या दाहाला पुन्हा पेटू न देण्याचे साधन मात्र भाकरी, विश्रांती आणि वेळेवर झालेली फेरतपासणी हेच आहे.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत उपचार संपल्यानंतर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी रुग्णाची पाहणी करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. अणुचित्रांचा पुरावा या सूचनेच्या बाजूने उभा आहे. ती कसोशीने पाळावयाची तर महागडी यंत्रसामग्री लागत नाही. घरोघर जाणारी आशा सेविका, थुंकीची डबी, वजनकाटा आणि श्वासाची ताकद मोजणारे छोटे उपकरण एवढे पुरते. आणि पोषणाची रक्कम उपचाराच्या अखेरच्या दिवशी बंद न करता पुढे काही महिने चालू ठेवली, तर तो खर्च रोग उलटण्याच्या खर्चापुढे अल्पच ठरेल. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे उपचार किती महाग आणि किती क्लेशकारक असतात, हे मुंबईने २०१२ पासून पुरेपूर अनुभवले आहे.

निवड कोणत्या कसोटीवर?

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. शहरातील सधन रुग्णाला पेट-सीटी आणि डोंगरातील रुग्णाला वजनकाटा, हा न्याय कुठला? आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. आंबेगाव तालुक्याला अशा विषमतेचा अनुभव आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले, आणि घोड नदीचे अडविलेले पाणी कालव्यांनी पूर्वेकडील शेतांस मिळाले. विकासाची किंमत एकाने द्यावी आणि फळ दुसऱ्याने चाखावे, हा प्रकार आरोग्यसेवेतही होता कामा नये.

म्हणूनच कसोटी वैद्यकीय गरजेची हवी. आज ती खिशाची आहे. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याची गरज नसतानाही तपासणी होते; ज्याला खरी गरज आहे तो पैशाअभावी तिच्यावाचून राहतो. शस्त्रक्रियेपूर्वी फुफ्फुसाची क्षमता जाणून घ्यावयाची आहे असा रुग्ण, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात रोग नेमका कोठे दडला आहे हे कळत नाही असा रुग्ण, कर्करोग की क्षय असा पेच पडून नमुना कोठून काढावा हे ठरवावयाचे आहे असा रुग्ण: अशांची संख्या दोन तालुक्यांत मिळून थोडीच असणार. त्यांच्यासाठी पुण्यातील सरकारी रुग्णालयामार्फत तपासणीची विनामूल्य सोय, येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई यांची तरतूद करणे शासनाला मुळीच जड नाही. घोडेगाव येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे; आरोग्य खाते आणि ते कार्यालय यांनी मनावर घेतले, तर अशा रुग्णाला एका चिठ्ठीवर पुण्यास पाठविता येईल.

उरतो संशोधनाचा प्रश्न. जुन्नर तालुक्यातच खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिचा उपयोग करतात. प्रत्येक गावात अशी दुर्बीण असावी, असे कोणी म्हणत नाही. ती एके ठिकाणी आहे आणि तिच्यातून मिळणारे ज्ञान सर्वांचे आहे. अणुचित्रणाचेही तसेच समजावयास हवे. परळच्या केंद्राला साठ वर्षांचा अनुभव आहे, आणि क्षयाचे रुग्ण महाराष्ट्रात दुर्दैवाने विपुल आहेत. असे असता रोगमुक्तीनंतरच्या फुफ्फुसांविषयीचा मोलाचा अभ्यास दक्षिण आफ्रिकेतून यावा आणि आपण तो केवळ वाचावा, हे भूषणावह नाही. उपाशीपोटी, कष्टकरी, डोंगराळ भागातील भारतीय रुग्णाचे फुफ्फुस उपचारानंतर कसे भरून येते, याचा अभ्यास येथील संस्थांनी येथील रुग्णांवर, त्यांच्या संमतीने आणि त्यांना झळ न लागू देता केला पाहिजे.

खर्चाचा क्रम मात्र स्पष्ट ठेवावा लागेल. आधी थुंकीची जनुकीय तपासणी आणि क्ष-किरण यंत्र प्रत्येक तालुक्यातील डोंगरपट्ट्यापर्यंत, मग रुग्णाच्या घरातील सर्वांना पुरेसा शिधा, मग रोगमुक्तीनंतर दोन वर्षे कसोशीने पाहणी, आणि यांच्या जोडीला मोजक्या गरजूंसाठी अणुचित्रण. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी खर्चाच्या मानाने स्वस्त आहेत, त्यांची उपयुक्तता सिद्ध झालेली आहे आणि त्यांपैकी बहुतेकांची तरतूद कागदोपत्री आजही आहे. ती आहुपे-तळेघरच्या उंबऱ्यापर्यंत किती पोहोचते, याचा हिशेब जिल्हा परिषदेने आणि आरोग्य खात्याने दरवर्षी तालुकावार प्रसिद्ध करावा. उच्चाटनाची नवी तारीख जाहीर करण्यापूर्वी एवढे तरी व्हावयास हवे.